दुपारचं रीडिंग

मी त्याला मुद्दाम अर्धं शिकवलं. विसरलो असं नाही, वेळ नव्हता असंही नाही. चार महिने मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि जी गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागली असती, ती मी उलटी सांगितली.

आमचं काम गुरुत्वाकर्षण मोजण्याचं. वाळवंटात ठरावीक अंतरावर थांबायचं, ग्रॅव्हिमीटर जमिनीवर ठेवून समपातळीत आणायचा, आकडा लिहायचा. आकड्यांतल्या बारीक फरकावरून खालचा खडक जड की हलका ते कळतं. यंत्राच्या आत एक नाजूक स्प्रिंग असते. ती दिवसभरात थकत जाते, आणि जीपला मोठा धक्का बसला तर एकदम सरकते. म्हणून दर दोन तासांनी, सकाळी जिथून सुरुवात केली त्या बेसवर परत यायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा फार बदललेला दिसला, तर मधल्या दोन तासांचं काम रद्द. कंटाळवाणा प्रकार आहे, पण सगळा नकाशा त्याच्यावर उभा असतो.

मला हे एका म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियनाने शिकवलं होतं. पन्नासच्या दशकात, ऐन तरुणपणी, तो तिकडच्या वाळवंटात हेच करत हिंडलेला. बेसच्या जागी ते दगडांचा ढीग रचायचे आणि रस्ता नसलेल्या मुलखातून पुन्हा त्या ढिगाकडे यायचे, कधी त्यातच अर्धा दिवस जायचा. निवृत्त होताना त्याला येत होतं ते सगळं त्याने मला दिलं. त्याच्या जागेवर मी बसलो, आणि मला एकदाही त्याने परकं केलं नाही. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग सौदीकरणाची वर्षं आली. रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसातून कळवलं गेलं की माझ्या जागी एक सौदी माणूस येणार, त्याला मी तयार करायचं, आणि तो तयार झाला की माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वाढवला जाणार नाही. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, दहावी तिथल्याच शाळेत करायची होती. पंधरा वर्षं ऊन खाल्लं, आणि आता निरोपाचा केकही मीच भाजायचा. माझा संताप कोणावर काढायचा तेच कळेना. शुक्रवारच्या जेवणाला बँकेतला एक पुणेकर मित्र म्हणाला, सगळं शिकवून मोकळा होऊ नकोस, एक पान आपल्याकडे ठेव. मी त्याच्यावर भडकलो. आणि नंतर तेच केलं.

येणारा माणूस पस्तिशीचा, ताइफचा. आधी शाळेत विज्ञान शिकवायचा. वडिलांची गुलाबाची शेती होती, म्हणून पिण्याच्या पाण्यात तो थोडं गुलाबपाणी घालायचा. आमचे ड्रायव्हर चाचा रत्नागिरीकडचे. ते म्हणायचे, “साहेब, कामाला आलोय का कोणाच्या निकाहाला, कळत नाय.” तो मला उस्ताद म्हणायचा. तिथे परदेशी कामगाराला ‘सदीक’ अशी हाक मारतात. अर्थ मित्र, पण सूर हुकमाचा. त्याने मला तशी हाक कधीच मारली नव्हती.

त्याने विचारलं, दुपारी बेसवर परत यायचं का? मी म्हणालो, गरज नाही, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, खलास. चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. नंतर मला एकट्याला गाठून म्हणाले, “आपल्या वेळेला दिवसातून चारदा मागे फिरायचो. याच्या वेळेला रस्ता लांब झाला काय?” मी त्यांना गाडीकडे लक्ष द्यायला सांगितलं.

त्याची पहिली स्वतंत्र लाइन, म्हणजे मोजणीच्या थांब्यांची एक पूर्ण रांग. दुपारी जीप एका खड्ड्यात आपटली, स्प्रिंग सरकली, त्याला कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी बेसवर दिसलेला फरक त्याने मी सांगितल्याप्रमाणे दिवसभराच्या आकड्यांवर सारखा वाटून टाकला. त्यामुळे नकाशात जमिनीखाली खडकाची एक भिंत उभी राहिली. दुसरी टोळी पाठवून तपासलं, तर भिंत नव्हतीच.

ओलायात बैठक झाली. सहा माणसं होती. दुपारचं रीडिंग का नाही, असं विचारल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, “मी सांगितलं होतं. त्याच्या लक्षात राहिलं नसेल.”

तो भांडला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, “माफ करा उस्ताद. माझं इंग्रजी कच्चं आहे, मीच चुकीचं ऐकलं असणार.”

त्याला नकाशांच्या कोठीत बसवलं, आणि माझा करार एक वर्षाने वाढला. मुलीची दहावी झाली. त्या वर्षभरात मी ऑफिसला शिव्या घातल्या, मित्राला घातल्या, त्या सौदीलाही घातल्या: पदवीधर माणूस, स्वतःच्या कानावर विश्वास नको? एकदा हे चाचांसमोर बोललो. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

“तुम्ही बोललात तेव्हा मीपण ऐकलं, साहेब. माझे कान काय कच्चे नायत.”

करार संपायला आठवडा असताना मी कोठीत गेलो. तो नकाशांना क्रमांक घालत होता. मी सगळं सांगून टाकलं. हातातली पेन्सिल त्याने टेबलावर आडवी ठेवली.

“सदीक,” तो म्हणाला, “इथे आपण दोघंच आहोत. त्या दिवशी सहा माणसं होती.”

त्याच आठवड्याच्या बैठकीत मी त्यालाही बोलवायला लावलं. तो दारापाशी उभा राहिला, बसला नाही. मी उठलो.

“मी याला सांगितलं होतं की दुपारी बेसवर परतायची गरज नाही,” मी म्हणालो. “माझी नोकरी टिकावी म्हणून सांगितलं, आणि मग याच खोलीत खोटं बोललो. याने बरोबर ऐकलं होतं.” मग मी त्याच्याकडे वळलो. “उस्ताद, मला माफ करा.”