सगळ्यांचे केस एका खणात

कळलंरावांच्या सलूनात कशावरही बोलायला परवानगी होती, फक्त केसांवर नाही. राजकारण, नळाचं पाणी, जावयांचे स्वभाव, दुखरे गुडघे, सगळं चालायचं. पण गळ्याला पांढरं कापड गुंडाळून घेतल्यावर एखादा नवखा "जरा मागून..." एवढं म्हणाला की कळलंराव कात्री हवेत वाजवायचे आणि म्हणायचे, "कळलं!" पुढचं वाक्य गिऱ्हाईक मुकाट्याने गिळायचं. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी फार उंच लावलेली होती, आणि या गल्लीत माणसं मान वर करत ती फक्त दाढीच्या वेळी.

न विचारता कापणं हा त्यांचा एकमेव माज. डोकं दारातून आत आलं की कुठे मशीन, कुठे कात्री, कुठला भोवरा दाबायचा आणि कुठलं टक्कल झाकायचं, हे हातांना आपोआप उमगायचं. बायकोला ते सांगून ठेवायचे, "ज्या दिवशी मला 'कसे कापू' म्हणून विचारावं लागेल ना, त्या दिवशी शटर खाली. कायमचं."

"बरं," बायको म्हणायची, "तोवर भाजी आणा."

आणि मग विमा एजंटाची मिशी गेली.

म्हणजे अर्धी गेली. एजंट खुर्चीत डोळे मिटून पॉलिसीचे फायदे सांगत होता आणि वस्तरा आपल्या वाटेने चालला होता. फायदे संपले, एजंटाने डोळे उघडले, आणि आरशात ते डोळे बशीएवढे होताना कळलंरावांनी पाहिले. या माणसाला कॉलेजपासून मिशी आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं. पण शेवटी इतक्या वर्षांचा कसलेला हात! त्यांनी उरलेली अर्धीही सफाईने उतरवली आणि म्हणाले, "उन्हाळा आहे. मोकळं वाटेल."

"वाटतंय," एजंट म्हणाला आणि नाकाखाली रुमाल धरून घरी गेला.

त्या दुपारी कळलंरावांना घास गिळेना.

"अगं, त्याला मिशी होती."

"होती म्हणजे? गेली कुठे?"

"मी विसरलो गं."

बायकोने ताटात आणखी भात वाढला. घरात कुणाचा जीव खाली-वर झाला की ती भात वाढते. मग तिने बहिणीला फोन लावला.

ही धाकटी बहीण म्हणजे शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी मेव्हणी. भावोजींना सुधारायचा तिला लहानपणापासून नाद. सलूनच्या सुट्टीच्या दिवशी ती आली, टॅबलेट पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "भावोजी, आठवायचं काम आता तुम्ही करायचंच नाही. हे करेल."

पडद्यावर एक पिवळं बदक होतं.

"हे?"

"बदकावर जाऊ नका. हे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं साधन आहे. इथे काही लिहावं लागत नाही. रंगीत ठोकळे ओढायचे आणि एकाखाली एक अडकवायचे. हा पिवळा म्हणजे सुरुवात. हा निळा प्रश्न विचारतो. उत्तर येतं ते या गोल ठोकळ्यात. कंगव्यात दात बसवल्यासारखं आहे हो, सोप्पं!"

कळलंरावांना ते मनापासून आवडलं. आयुष्यभर त्यांनी गोष्टी कापून वेगळ्या केल्या होत्या. जोडायचं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं. संध्याकाळपर्यंत बदक "कोण आलंय?" असं विचारायला लागलं. नाव टाकलं की "कसे कापले?" विचारायचं आणि सांगितलेलं लक्षात ठेवायचं. पण टॅबलेट बंद करून उघडला की बदक कोरं. कोण पोस्टमन, कसले केस!

"हे तर माझ्यापेक्षा वाईट!" कळलंराव हबकले.

"बदकाची आठवण त्याच्या डोक्यात ठेवली तर पुसली जाणारच," मेव्हणी म्हणाली. "ती बाहेर ठेवायची. ऑनलाइन डेटाबेसमध्ये. खूप खणांचं कपाट समजा. प्रत्येक खणावर एकेका गिऱ्हाईकाचं नाव, आत त्याचे केस."

"आणि हे कपाट कुठाय?"

"दूर कुठेतरी. मोठ्या थंडगार खोलीत यंत्रं असतात, त्यात."

"आपल्या पोस्टमनचे केस थंडगार खोलीत?" बायको म्हणाली. "आणि तो इथे घामाघूम."

मेव्हणीने बाहेरचा डेटाबेस जोडायचे जांभळे ठोकळे मागवले, कपाटाचा पत्ता घातला, ते उघडायची लांबलचक अक्षरी किल्ली चिकटवली. "आता एवढंच करा. 'खण अमुक, त्यात तमुक ठेव' असा हा ठोकळा आहे. पहिल्या खाचेत तो गोल उत्तराचा ठोकळा सोडायचा, म्हणजे ज्याचं नाव टाकाल त्याचा खण उघडेल. परत आणायच्या ठोकळ्यातही तसंच." आणि ती शेवटची बस गाठायला पळाली.

घोटाळा झाला तो इथे. कळलंरावांचं बोट कात्रीच्या कडीत मावेल तेवढंच, पण पडद्यावर मात्र भलतंच जाड ठरलं. गोल ठोकळा खाचेशी न्यावा, की तो साबणासारखा निसटून बदकाच्या पायाशी पडायचा. शेवटी कंटाळून त्यांनी खाचेत हातानेच लिहून टाकलं: गिऱ्हाईक. दोन्ही ठोकळ्यांत. शेवटी खणात गिऱ्हाईकच जाणार ना?

तपासूनही पाहिलं बरं का त्यांनी! पोस्टमनचं नाव टाकलं, 'मागून बारीक, पुढे झुलपं' असं भरलं, लगेच विचारलं. बदक म्हणालं, मागून बारीक, पुढे झुलपं. मग घड्याळजी. बरोबर. मग व्हायोलिन मास्तर: 'मानेपर्यंत लांब, टोकं फक्त शिवायची'. बरोबर! ज्याचं भरलं त्याचंच लगेच विचारलं, आणि बदक एकदाही चुकलं नाही. अशी सगळी गल्ली भरून झाली. सर्वांत शेवटी कवायत मास्तर: 'बाजू साफ, वर ब्रश, मानेवर सरळ रेघ'.

बदकाने मान डोलावली. त्या विशाल कपाटातल्या 'गिऱ्हाईक' नावाच्या एकुलत्या एका खणात आता कवायत मास्तर एकटे विराजमान होते. बाकीचे सगळे त्यांच्याखाली चिरडून नाहीसे झाले होते.

पहिला आला पोस्टमन. कळलंरावांनी आरशाशेजारच्या टॅबलेटवर, धूळ झटकल्यासारखं दाखवत, नाव टाकलं. बदक म्हणालं: बाजू साफ, वर ब्रश, मानेवर सरळ रेघ.

हात थबकला. झुलपं... याला झुलपं होती ना? की ती याच्या भावाला? पण मिशीच्या बाबतीतही आपल्याला अशीच खात्री होती. त्यांनी मशीन चालू केलं.

पोस्टमन उठला, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "छान हलकं झालं." मग घड्याळजी. मग बेकरीवाला. मग बँकेतले हसतमुख शिपाई आणि त्यांचे न हसणारे साहेब. सगळ्यांच्या बाजू साफ, वर ब्रश. जो तो आरशात पाही, "वा" म्हणे आणि निघे.

व्हायोलिन मास्तर आले तेव्हा मात्र कळलंरावांचा हात हट्टालाच पेटला. त्या मानेपर्यंतच्या चंदेरी केसांत फणी गेली आणि बोटांनी सरळ सांगितलं, हे कापायचे नाहीत. बदक म्हणालं, साफ. कळलंराव आरशाकडे बघत उभे राहिले. हाताचं ऐकावं, तर हातानेच मिशी उतरवली होती. बदक बिचारं अजून एकदाही चुकलं नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि मशीन चाललं. डोळ्यांच्या कडा ओल्या वाटल्या, पण ते तोंडावर मारलेलं पाणीही असेल.

मग आली रहिवासी संघाची सभा. बायको मागच्या रांगेत बसली होती. समोर खुर्च्यांवर ओळीने डोकी, आणि प्रत्येक डोकं एकाच साच्यातून काढल्यासारखं. अध्यक्ष म्हणाले, "ते ब्रशवाले गृहस्थ, तुमची तक्रार सांगा." अर्धी सभा उठून उभी राहिली. उरलेली अर्धी बायकांची होती. खुद्द कवायत मास्तर गोंधळून सगळ्यांकडे बघत होते आणि सवयीने त्यांनी "सावधान!" म्हटलं. सभा ताठ झाली.

बायकोने तिथूनच बहिणीला फोन लावला.

मेव्हणीने दुसऱ्या दिवशी ते दूरचं कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "भावोजी! अख्खी गल्ली एकाच खणात कोंबलीत तुम्ही. आणि नवा आत टाकला की जुना बाहेर!"

"मग ते बाहेर पडलेले कुठायत?"

"कुठेच नाहीत. पुसले गेले."

"त्या थंडगार खोलीत कुठे कोपऱ्यात..."

"भावोजी, तिथे कोपरा नसतो."

तिने गोल ठोकळा टचकन खाचेत बसवला. एवढंच राहिलं होतं. आता प्रत्येकाचा खण वेगळा झाला. फक्त सगळे खण रिकामे होते, आणि ते ज्यातून भरायचे ते डोकंही जवळपास तसंच.

"विचारा ना सरळ लोकांना," बायको म्हणाली.

"मग शटर."

"मी काय म्हणते, विचारा आधी. शटर कुठे पळून जातंय?"

केस थोडे वाढल्यावर गिऱ्हाइकं परत आली. सकाळी बाकावर दाटी होती. घड्याळजी खुर्चीत बसले, कापड गुंडाळून झालं. कळलंरावांनी कात्री उचलली, खाली ठेवली, फणी पुसली, पुसलेली फणी पुन्हा पुसली. आरशात न बघता ते म्हणाले, "कसे कापू?"

बाकावरचं वर्तमानपत्र खाली आलं.

"मला आठवत नाही हो हल्ली," कळलंराव म्हणाले. "कुणाचंच. कधीपासून विसरतोय. ते बदक वगैरे त्यासाठीच होतं. आता सांगून टाकलं. ज्यांना दुसरीकडे जायचं असेल त्यांनी..."

"अहो, ते माहीत होतं की आम्हाला," बेकरीवाला म्हणाला.

"माहीत होतं?"

"एजंटाने सांगितलं. नाहीतर मी ब्रश मारून घेतला असता? घरी पोरं मला बघून सॅल्यूट करतात!"

"आम्हीच म्हटलं, कुणी काही बोलायचं नाही," घड्याळजी म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल."

कळलंरावांनी व्हायोलिन मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"वाढतात हो केस," मास्तर म्हणाले आणि नसलेले केस मानेवरून मागे सारले.

कळलंरावांनी मास्तरांच्या खांद्यावरचा, तिथे नसलेलाच, एक केस झटकला. मग घसा खाकरून खुर्चीमागे उभे राहिले. "बरं. मग सांगा. कसे कापू?"

घड्याळजींनी गळ्यातलं कापड सारखं केलं. "म्हणजे... नेहमीसारखे."

"तेच तर विचारतोय. नेहमी कसे?"

"ते मला काय ठाऊक? ते खातं तुमच्याकडे होतं!" त्यांनी कापडाखालून फोन काढून घरी लावला. "अगं, माझे केस कसे असतात? ... कसे म्हणजे, आकाराने! ... नाही, डोक्यावर असतात ते मलाही माहितेय." त्यांनी फोन ठेवला. "तिलाही नाही माहीत. म्हणते, इतक्या वर्षांत बघितलंच नाही."

"मला खरं तर भांग उजवीकडे हवा होता," बँकेचे साहेब बाकावरून एकदम म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"इथे कुठे बोलायचं असतं?"

"तुम्हाला कसे हवेत ते सांगा ना घड्याळजी," पोस्टमनला उशीर होत होता. "नेहमीचं सोडा."

घड्याळजी आरशात स्वतःकडे निरखून बघू लागले, एखादं अनोळखी घड्याळ दुरुस्तीला आल्यासारखे. "थांबा जरा," ते म्हणाले, "असं एकदम नाही सांगता येत," आणि कापडासकट उठून बाकावर जाऊन बसले. त्यांच्या जागी बेकरीवाला बसला. त्याला प्रश्न विचारला. तोही थोडा वेळ छताकडे बघून उठला. मग साहेब. उजवा भांग त्यांना इतकी वर्षं हवा होता, पण आता प्रत्यक्ष वेळ आल्यावर त्यांना तो जरा धाडसाचा वाटू लागला.

कळलंरावांनी शेजारच्या दुकानातून चहा मागवला. त्या सकाळी दुकानात एक केससुद्धा जमिनीवर पडला नाही. बाकावर गळ्यात पांढरी कापडं बांधून सगळे ओळीने बसले होते, हनुवट्या मुठीवर टेकवून विचार करत. पडद्यावरचं बदक "कोण आलंय?" म्हणून ताटकळत होतं, आणि शटर पूर्ण वर होतं.