पानी उनं का?

धनश्रीचं मराठी ऐकून कुणी तिला कोसाडची, सुरतेतल्या खानदेशी वस्तीतली म्हणायचं नाही. तिचे वरिष्ठ परागसर, नाशिकच्या बँकवाल्यांच्या घरातले, एकदा चहा पिताना म्हणाले, "तुझ्या बोलण्याला खानदेशचा वास नाही हं!" यावर एखादीनं कप खाली ठेवून विचारलं असतं, की खानदेशचा वास म्हणजे कसला, सर? धनश्री लाजली. घरी येऊन तिनं ते आईला सांगितलं. पुष्पाबाईंना त्यातलं फारसं कळलं नाही, पण पोरीला कुणीतरी चांगलं म्हटलं एवढं त्यांना पुरलं.

बाप सुपडू खानदेशातल्या पारोळ्याकडून सुरतेला कापडाच्या लूमवर आला आणि लूमच्या खडखडाटातच संपला. पोरगी एमएस्सी झाली, सुरतेजवळच इच्छापोरला एका रसायन कंपनीत लागली. थोरला धर्मेंद्र दहावीनंतर लूमवरच उभा होता. तिनंच शब्द टाकून त्याला आपल्या कंपनीत ऑपरेटर म्हणून आणलं. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

तिचं काम मात्र सोपं नव्हतं. अमिनो आम्लं निसर्ग बनवतो. औषधवाल्यांना त्यांचे सावत्र भाऊ हवे असतात, जवळपास तसेच पण जरा बदललेले, म्हणजे शरीर त्यांना चटकन मोडून खात नाही. त्यात गोम अशी, की असा रेणू दोन रूपांत बनतो, डाव्या-उजव्या पायातल्या चपलांसारखा. औषधाला त्यातलं एकच चालतं. धनश्रीनं कितीतरी दिवस खपून निव्वळ उजवं रूप बनवायची रीत बसवली होती. शेवटची पायरी तेवढी नखरेल. ती बर्फाच्या गारव्यातच करायची. ऊब लागली की उजव्यातले निम्मे मुकाट डावे होऊन बसतात. रंग तोच, वजन तेवढंच, पावडर पांढरीशुभ्र. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही.

त्या दिवशी परदेशी गिऱ्हाइकाची मोठी बॅच लागली होती. ती पार पडली की धनश्री गटप्रमुख, हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं. आणि ऐन वेळी रिॲक्टरभोवती फिरणारं थंड पाणी बंद पडलं. धर्मेंद्र खाली पंपाकडे धावला. वर रिॲक्टरजवळ मगन, कामरेजचा गुजराती हेल्पर, दोन वाल्वपाशी उभा. एक थंड पाण्याचा, दुसरा गरम पाण्याचा. धनश्रीचा जीव टांगणीला लागलेला. कठड्यावरून वाकून ती ओरडली, "दादा, पानी उनं का?"

माणूस घाबरला की आईच्या भाषेत ओरडतो. अहिराणीत उनं म्हणजे आलं. खालून धर्मेंद्रनं आवाज दिला, "उनं, उनं!"

तेवढ्यात परागसरांचं बोलावणं आलं, गिऱ्हाईक फोनवर आहे म्हणून. ती ऑफिसात पळाली. इकडे मगननं जे ऐकलं ते गुजराती कानांनी. गुजरातीत ऊनुं म्हणजे गरम. त्या बिचाऱ्यानं सांगितल्याबरहुकूम गरम पाणी सोडून दिलं.

परत आल्यावर तापमान पाहताच तिनं गरम पाण्याचा वाल्व बंद केला. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या आलेखावर दोन शिखरं आली, शेजारी-शेजारी, सारख्या उंचीची. निम्मे डावे, निम्मे उजवे. सगळी बॅच मातीमोल झाली होती.

परागसरांच्या केबिनमध्ये तिघं उभे राहिले. मगन रडकुंडीला येऊन धर्मेंद्रकडे बोट दाखवत होता, की यानंच ओरडून सांगितलं. "साहेब, एणे ज बूम पाडी, ऊनुं, ऊनुं! एटले में गरम पाणी खोल्युं." मॅडमही काहीतरी ओरडल्या होत्या हे त्यानं सांगितलं नाही. हेल्परनं मॅडमचं नाव घ्यायचं नसतं, एवढी अक्कल त्याला होती.

"साहेब, हमारी बोली में उनं मतलब आ गया," धर्मेंद्र म्हणाला. "पूछा था, तो जवाब दिया."

"किसने पूछा?"

धर्मेंद्रनं बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. परागसर स्वतःच वळले. "धनश्री, तू विचारलंस? या भाषेत?"

हो म्हणाली असती तर काय झालं असतं? बोलणी बसली असती, बढती हुकली असती. नोकरी बहुधा राहिली असती. आणि गुन्हा तरी कसला? पाणी आलं का, एवढंच तर विचारलं होतं. पण त्या घडीला तिला चुकीची नाही, त्या भाषेचीच लाज वाटली.

"नाही, सर. मी ती भाषा बोलत नाही."

"बरोबर आहे, साहेब," धर्मेंद्र मराठी शब्द जुळवत म्हणाला. "ती नाही बोलत."

परागसरांना ते लगेच पटलं. तिचं मराठी त्यांनी ऐकलं होतंच ना! मगनला दम देऊन सोडला, कुणी विचारलंच नसताना भलतं ओरडला म्हणून धर्मेंद्रला त्याच दिवशी काढलं, आणि धनश्रीला नवी बॅच लावायला सांगितली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा धर्मेंद्र भिंतीला टेकून बसला होता. थोरल्याची नोकरी गेली एवढंच पुष्पाबाईंना कळलं होतं. तव्यावरची भाकर उतरवत त्या म्हणाल्या, "धनू, जेवाले बस व. काय जयं आज, तू तरी सांग."

"माय, तिनासंगे मराठीमा बोल," धर्मेंद्र शांतपणे म्हणाला. "तिले आपली बोली येत नही."

पुष्पाबाईंना थट्टा वाटली. त्या हसल्या, आणि आता लेक भावाला चांगलं सुनावेल म्हणून तिच्याकडे बघत राहिल्या. धनश्री मान खाली घालून उभी होती. हळूहळू पुष्पाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पदराला हात पुसले, आणि कचेरीत साहेबापुढे बोलावं तसं, एकेक शब्द चाचपत, पोटच्या पोरीला विचारलं, "तुम्ही... जेवायला बसता का?"