नागिणीचं तोंड

"तोंड कुठं हाय तिचं?"

अंगणात पाऊल टाकताच कुंभारमामांचा हा पहिला प्रश्न. माणूस कोण, कुणाचा, कधीपासून आजारी, ते सगळं मागाहून. आधी नागिणीचं तोंड.

नागीण तुम्हीही पाहिली असेल. कमरेला एका बाजूनं लाल फोडांची रांग उठते आणि अंगाची नुसती आग होते. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस संपला, असं आमच्या घाटनांदुरात सगळेच मानत. निजामाचं राज्य, दवाखाना लांब मोमिनाबादला. मामा मडक्यांना लावायचा गेरू खापरीत कालवून आणत आणि कोंबडीच्या पिसानं नागिणीच्या दोन्ही टोकांना जाड रेघ ओढत. ही तिची वेस, म्हणत.

स्वभावानं मात्र महा खडूस! रडणाऱ्या बायकांना बाहेर काढत, आणि शहाणपण सांगणाऱ्या पाहुण्याला बैलांना पाणी दाखवायला पिटाळत. मला तर ते अजिबात आवडत नसत.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा आमच्या ह्यांना नागीण झाली. डाव्या कुशीला. मामा येऊन रेघा ओढून गेले. त्या कुशीवर टेकवत नव्हतं, म्हणून हे सारखे उजव्या अंगावर पडून राहत.

एके सकाळी सासूबाईंनी ह्यांना उठवून बसवलं, तर उजव्या कमरेलाही लालभडक पट्टा! सासूबाई मटकन खालीच बसल्या. नागीण पाठीमागून फिरून आली, आता तोंड-शेपूट मिळालंच, म्हणाल्या. घरात रडारड सुरू झाली. चुलतसासऱ्यांनी तर गोवऱ्या किती आहेत त्याची चौकशी केली. माणूस अजून डोळे उघडे ठेवून बसलाय, आणि त्यांना गोवऱ्या! मला त्यांचा असा राग आला, पण नव्या सुनेनं बोलायचं कसं?

कुणीतरी मामांना बोलावून आणलं. त्यांनी वाकून तो पट्टा पाहिला. मग ह्यांच्या कमरेच्या करदोट्यात बोट घालून तो जरा वर सरकवला. लाल पट्टा बरोबर त्याच्याखाली होता.

मामांनी विळा मागितला. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. आमच्यात करदोटा तुटतो तो मेलेल्या माणसाचा.

"जिता हाय म्हणूनच तोडतोय, वैनी," मामा म्हणाले. "नागीण न्हाई ही. दोऱ्यानं घासलंय."

आणि खसकन तोडला.

सकाळपासून हूं की चूं न केलेले हे हळूच म्हणाले, "म्हंजे मी मरत न्हाई?"

"आज तरी न्हाई. भाकर खा."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला मी चुलीपाशी पळाले. हे दीड भाकरी जेवले. एवढं सुख मला पुन्हा कधी झाल्याचं आठवत नाही.

मामा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले. तिरडी उचलायला गावात धड माणसं नव्हती, आणि जी होती ती दारं लावून बसली होती. हे निघाले. साथीची भीती मलाही होती, पण मी अडवलं नाही. उंबऱ्यात उभी राहून पाहिलं. पुढचा खांदा ह्यांचा होता.