वडिलांचा दीड महिना

एकाहत्तरच्या लढाईच्या सुमारास वडील दीड महिना घरी आले नाहीत. ते महूला छावणीतल्या एका ऑफिसात कारकून होते आणि रोज इंदूरहून जाऊन-येऊन करायचे. त्या दीड महिन्यात ‘ठीक आहे, काळजी नसावी’ एवढंच एक पोस्टकार्ड आलं. परतल्यावर आईनं विचारलं, तर म्हणाले, ‘सरकारी काम होतं.’ पुढच्या पन्नास वर्षांत याहून एक शब्द जास्त नाही.

बड़ा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीतली शेजारीण तेव्हा म्हणाली होती, ‘भाभी, भिया ने महू में दूसरा चूल्हा तो नहीं जला लिया?’ आई हसली. पण तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. महूचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

गेल्या महिन्यात वडील गेले. तेराव्याला त्यांचे एक जुने सहकारी महूहून आले. ते पानावर बसले आणि आईनं सगळ्यांदेखत विचारलं, ‘भाऊजी, लढाईत हे दीड महिना कुठं होते?’

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. ‘वहिनी, सांगायची मनाई होती.’

‘आता कोण पकडायला येणार आहे?’

‘पोस्टर रंगवत होतो हो. ज्यांचं अक्षर चांगलं, असे आम्ही पाच-सहा जण. छावणीतच झोपायचं, बाहर जाना बिलकुल बंद. वर मोठा कान काढलेला, खाली लिहिलेलं, दीवारों के भी कान होते हैं. कान दुसरा कोणी काढायचा. अक्षरं तुमच्या यांची.’

असली पोस्टरं मी इतिहासाच्या पुस्तकांत पाहिली होती. ती कुणीतरी बसून लिहिली असतील, हे मनात आलं नव्हतं.

‘ती तर राजवाड्यापर्यंत भिंतीभिंतीवर होती,’ आई म्हणाली. ‘भाजीला जाताना मी रोज वाचायचे. त्यात लपवायचं काय होतं?’

‘साहेबांनी सांगितलं, घरी बोलायचं नाही. लढाई संपली, पण आता बोला, असं कुणी सांगितलंच नाही ना.’

‘आणि हे वाट बघत बसले.’

आई रडेल असं मला वाटलं. तिनं मला त्यांच्या पानात आमटी वाढायला सांगितली. मग विचारलं, ‘तिथं जेवायचे काय?’

‘जवानांच्या लंगरची दाल-रोटी. भात फक्त रविवारी.’

‘दीड महिना?’ आई म्हणाली, आणि पाट ओढून त्यांच्यासमोर बसली.