सतरा मिनिटं पुढे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगत आलो ते वेगळंच – सुलभाताईने ऐन आंब्याच्या सीझनमध्ये मला दगा दिला, चाव्या टाकल्या आणि मागच्या गल्लीतल्या कारखान्यात जाऊन बसली. पाच वर्षं हेच सांगतोय. ऐकणारे हळहळतात. तुम्हीही हळहळला असता.

शिरवण्याला माझा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. दोन गाळे – स्वतःच्या जिवावर उभे केलेले. वाशीच्या मार्केटात मी हमाल म्हणून उतरलो, तिथेच घासाघीस शिकलो. समोरचा काहीही म्हणो, त्यातून थोडं आपल्याकडे ओढायचंच – ही सवय हाडात मुरली. घरातलं घड्याळसुद्धा दहा मिनिटं पुढे. तुमच्याकडेही असेल की?

कारखान्यात हजेरीचं अंगठ्याचं मशीन आहे, एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं. त्या कॉम्प्युटरचं घड्याळ भरकटायचं. आमचे कॉम्प्युटरवाले इक्बालभाई आले, एका चौकोनात टिक केली आणि म्हणाले, "शेठ, आता हा रोज इंटरनेटवरून टाईम बरोबर करून घेईल. तुम्ही बघायचंच नाही." मी सगळ्यांना गोळा करून बजावलं – हा टाईम इंटरनेटचा, यापुढे वेळेवरून वाद नको.

आणि मग – कसं सांगू – पंधरा दिवसांनी ती टिक मी स्वतःच्या हाताने काढली. घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. लोक लवकर येतील, दुसरं काय? कुणाला बोललो नाही.

बाकीचे खरंच लवकर येऊ लागले. सुलभाताईला जमेना. ती साताऱ्याकडची, नऊ वर्षं माझ्याकडे, स्टोअरच्या चाव्या तिच्याकडे. मुलीला शाळेत सोडून यायची; गेट उघडल्याशिवाय निघायची सोय नव्हती. दर शनिवारी मी उशिरा येणाऱ्यांची यादी भिंतीवर लावायचो. तिचं नाव कधीच नसायचं. आता ते सगळ्यात वर येऊ लागलं.

एका सकाळी ती मोबाईल घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. सगळे बघत होते.

"शेठ, नवाला अजून चार मिनिटं हायत. तुमचं घड्याळ पळतंय."

"मोबाईल घरी ठेवत जा! हा टाईम इंटरनेटवरून येतो. इंटरनेट खोटं बोलतंय काय?"

"इंटरनेट न्हाय बोलत, शेठ."

एवढंच म्हणाली ती. माझं डोकं फिरलं. यादी फाडून तिच्या अंगावर फेकली, नऊ वर्षं फुकट पोसली म्हणालो – आणि आणखी जे बोललो ते इथे लिहवत नाही. तिने चाव्या टेबलावर ठेवल्या. टाकल्या नाहीत. ठेवल्या.

त्याच दिवशी दुपारी इक्बालभाई दुसऱ्या कामाला आले. स्क्रीनकडे बघतच राहिले. "शेठ, हा सतरा मिनिटं पुढे आहे. टिक कोणी काढली?"

"लाईट गेली होती," मी म्हणालो. त्यांनी टिक परत केली आणि माझ्या डोळ्यांदेखत घड्याळ मागे आलं. त्यातली सात मिनिटं त्या जुन्या मशीनने आपणहून वाढवलेली. ती मशीनवर ढकलीन. पण दहा?

मागची गल्ली किती लांब आहे? दोन मिनिटं. मी गेलो नाही. त्याऐवजी दग्याची गोष्ट तयार केली, आणि सांगता सांगता मलाच खरी वाटू लागली – ती निघून गेली हे तर खरंच ना? राग तर अजूनही येतो. कशाचा, हे मला माहीत आहे. चारचौघांत ती खरं बोलली, त्याचा.

तिची शेवटची हजेरी अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. नऊ वाजून तेरा मिनिटं. सतरा वजा केली, आठ छप्पन्न.

रोज सकाळी ती माझ्या गाळ्यावरून मागच्या गल्लीत जाते. वर बघत नाही. मी घड्याळाकडे बघतो. आता ते बरोबर असतं. आठ छप्पन्न.