मामांचा तिसरा स्क्रू
स्क्रू ओठांत धरला, की जिभेवर लोखंडाची चव येते आणि परतूरचे मामा आठवतात. त्यांना दुरुस्तीचा भारी नाद. एका दुपारी टीव्हीवर दुरुस्तीचाच कार्यक्रम लावून ते मिक्सर खोलून बसले होते, तिन्ही स्क्रू ओठांत. टीव्हीतल्या माणसानं आपले स्क्रू चुंबकाच्या वाटीत ठेवले आणि मामा खवळले, “वाटी कशाला लागती? ह्याला कामच येत न्हाई!” बोलता बोलता आवंढा गिळला गेला. ओठांत दोनच स्क्रू उरले. मामी म्हणाल्या, “आता ती वाटी बी गिळा, मंग चिकटंल बराबर.” आज माझ्याकडं तसली वाटी आहे. तरी स्क्रू मी तोंडातच धरतो, फक्त आधी टीव्ही बंद करतो.