बोल्टाशी गोड बोलणारे मामा

"ये रे राजा, ये. घाई नाही मला."

तुम्हाला वाटेल, लेकराला बोलावतायत. कसलं लेकरू! इंजिनात तुटून बसलेल्या बोल्टाला बोलावत असायचे. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीत मामांचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. मोटारीचं असो की शेतातल्या पंपाचं, बोल्ट आत मोडला की इंजिन त्यांच्याकडे यायचं.

गिऱ्हाइकावर मामा तमिळमध्ये खेकसायचे. बोल्टाशी मात्र घरची मराठी, तीही लाडाची. आधी तेल सोडायचं, मग म्हणायचं, "भिजू दे. आपण कॉफी पिऊ."

माझ्या पंपाचा बोल्ट मोडला तेव्हा तिकडे तिरुवैयारूला शेतात भाताची रोपं करपत होती, आणि हे आपले फुंकर मारत कॉफी पितायत! मी चुळबुळ केली तर म्हणाले, "जोर केलास की आणखी आत मोडेल. मग बस बोंबलत."

कॉफी संपवून त्यांनी भोवतालचं लोखंड तापवलं, मोडक्या बुंध्यावर नट वेल्ड केला आणि पान्यानं जरा मागं, जरा पुढं करत बोल्ट अलगद बाहेर काढला. वर त्याला शाबासकीही दिली. मला नाही दिली.

मामी दारातून ऐकायच्या. "माझ्याशी कधी बोललात का हो इतकं गोड?"

"तू कुठे अडकलीस?" मामा मान वर न करता म्हणायचे. "अडकलीस की बोलेन."

आणि अय्यो, मामी खरंच अडकल्या. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल की नाही सांगता येत नाही. मामा दुकान बंद करून पलंगाशी बसले. हा खेकसणारा माणूस कसली सेवा करणार, असं आम्हा शेजाऱ्यांना वाटलं. पण मी डबा घेऊन गेलो की तोच आवाज कानावर यायचा. "ये ग राणी, ये. घाई नाही मला." मामींच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं. मला तिथे उभं राहवायचं नाही.

एका सकाळी मामा त्यांना चमच्यानं कॉफी पाजत होते. मामींचे ओठ हलले. जड जिभेनं त्या म्हणाल्या, "मी... बोल्ट... का?"

मामा खो खो हसले, आणि हसता हसता माझ्यादेखत हमसाहमशी रडले.

आता मामा नाहीत. मामी काठी टेकत चालतात, बोलतात, मला दटावतातही. परवा दुकान भाड्यानं द्यायचं ठरलं, तर शटरचं कुलूप गंजून बसलेलं. मी हातोडा उचलला.

"ठेव तो," मामी म्हणाल्या. त्यांनी कुलपात तेल सोडलं आणि पायरीवर बसल्या. "भिजू दे. आपण कॉफी पिऊ."

कॉफी झाली. मी किल्ली लावली. मामींनी कुलपावर हात ठेवला आणि आत मामाच बसले असावेत तशा हळूच म्हणाल्या, "ये रे राजा, ये. घाई नाही मला."

किल्ली फिरवायचा मला धीर होईना.